जवसाचं तेल

फुलचूर, गोंदिया
१२ डिसेंबर २०२२

बाबा, नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, अन् कैलाशदादाच्या मोबाईलवर लिहून पाठवलं तर ते तुमच्याआधी वहिनी वाचते. मग संध्याकाळपर्यंत अख्ख्या केशोरीला माहीत. म्हणून पत्रच बरं. होस्टेलवर असताना लिहायची तसं.

दिवाळीत माझे पाय सुजलेले तुम्ही पाहिले होते. नवी चप्पल चावली असं मी सांगितलं. ते खरं नव्हतं. उन्हाळ्यापासून बोटांचे सांधे दुखत होते, दोन्ही गालांवर लाल चट्टे आले होते. उन्हानं असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग सकाळी उठले की डोळ्यांखाली सूज, अन् लघवीला फेस. भूपेंद्रनं मला नागपूरला नेलं. तिथं सुईनं किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. आजाराचं नाव ल्युपस आहे.

डॉक्टर मॅडमनी समजावून सांगितलं ते असं, की आपल्या शरीरात रोगाशी लढणारी जी शक्ती असते ती चुकून आपल्याच शरीराला शत्रू समजते. माझ्यात तिनं किडनीवर हल्ला केला आहे. हा आजार कोणाकडून लागत नाही, कोणाला लागतही नाही. थोडीशी सुरुवात आहे, गोळ्या चालू केल्या आहेत.

आहाराच्या मॅडमनी एक कागद दिला. मीठ कमी, पापड-लोणचं बंद, डालडा बंद, तळलेलं बंद, तूप अगदी नावापुरतं. किडनीतून प्रथिनं गळायला लागली की रक्तातली चरबी वाढते, अन् ती चरबी पुन्हा किडनीला अन् हृदयाला त्रास देते. माझ्या रक्तात पाहिजे त्याच्या दुप्पट निघाली.

एक विचारायचं आहे. मॅडमनी विचारलं, घरात आणखी कोणाला असं झालं होतं का. मी म्हटलं, आई मी चार वर्षांची असताना तापानं गेली. त्यांनी विचारलं, कशाचा ताप? मला सांगता आलं नाही. आईला नेमकं काय झालं होतं, बाबा?

तुमची,
नूतन


केशोरी
२१ डिसेंबर २०२२

नूतनबाई, आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. रोज लिहायले बसलो अन् रोज उठलो. आज लिहितो.

तुझी माय तापानं नाही गेली. ताप होता, पण तो मागून आला. आधी तिचे हात दुखायचे. धानाची पेंढी बांधता येत नव्हती. मग गालावर लाल झालं, नाकाच्या दोन्ही अंगानं. बाया म्हणायच्या, रक्त खराब आहे. मग पाय सुजले, मग तोंड सुजलं. तू जे लिहिलं ते सारं. तुझ्या पत्रातलं तुझं दुखणं वाचून राहिलो होतो अन् मले सुलोचना दिसून राहिली होती.

तेव्हा मले काय समजत होतं. साकोलीच्या एका डॉक्टरनं सुजेचं पाणी उतरायची गोळी दिली. कोणी म्हटलं, अशक्तपणा आहे, आंगात काही नाही म्हणून सुजली. मले ते पटलं. मी गाय घेतली. रोज सकाळी वाटीभर तूप भातावर टाकून तिले देत होतो. वरून लोणी. तिले मळमळे. ती म्हणे, नको हो, आतमध्ये जात नाही. मी समोर बसून खाऊ घालत होतो. मी रागावत होतो. ती माझ्या धाकानं खायची, अन् मग मागच्या अंगणात जाऊन ओकायची, ते मले ठाऊक होतं.

तीन महिन्यांत गेली. सत्तावीस वर्षांची होती.

तू लिहिलं की चरबीनं किडनीले त्रास होते. म्हणजे मीच तिले मारलं का? तुझ्या डॉक्टरीनबाईले विचार. खरं काय ते मले लिह. मी म्हातारा झालो म्हणून गोड करून सांगू नको.

तुझा बाप,
बकाराम


फुलचूर
९ जानेवारी २०२३

बाबा,

तुमचं पत्र मी नागपूरला घेऊन गेले अन् मॅडमना पूर्ण वाचून दाखवलं. त्या ऐकताना चष्मा काढून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "वडिलांना लिहा, तुपानं नाही. हा आजार तुपानं होत नाही. तो त्यांना आधीच झालेला होता, अन् त्या काळी त्या गावात तो कोणाच्या ओळखीचा नव्हता. तूप दिलं नसतं तरी औषधाशिवाय त्या वाचल्या नसत्या." हे त्यांचे शब्द आहेत, मी गोड केलेले नाहीत.

एकाच घरात मायलेकीला हे होऊ शकतं, असंही त्या म्हणाल्या. पण आईला नक्की हेच होतं हे आता कोणी सांगू शकत नाही.

आता तुमच्या कामाचं लिहिते. आहाराच्या मॅडमनी सगळ्याच चरब्या वाईट नाहीत असं सांगितलं. त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे जवस मिळतो का? मला हसू आलं. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी तीस वर्षं जवसाचं तेल काढलं, त्या मशीनच्या आवाजानं त्यांचे कान गेले. त्या म्हणाल्या, मासळीच्या अन् जवसाच्या तेलात जी चरबी असते तिनं आतली जळजळ थोडी कमी होते असं काही अभ्यासांत दिसलं आहे. अभ्यास लहान आहेत, खात्री देता येत नाही, पण दिवसाला एक-दोन चमचे घेतल्यानं नुकसान नाही. फोडणीत टाकायचं नाही, तापवलं की ते बिघडते. वरणावर वरून घ्यायचं. आणि हे औषध नाही, औषधाच्या सोबतीचं आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

मशीन अजून चालते का तुमची?

नूतन


केशोरी
२ मार्च २०२३

नूतनबाई,

मशीन तीन वर्षांपासून बंद होती. कैलाश तिच्यावर पोती ठेवत होता. पोती काढली. तेल निघून उरलेली जुनी ढेप आत वाळून गोट्यासारखी झाली होती, ती खरवडून काढायले चार दिवस लागले. सारी गरम पाण्यानं धुतली.

जवस आपल्याच धानाच्या बांधीतला आहे. धान उभा असतानाच ओलीवर बी फेकलं होतं, उतेरा म्हणतो तो, नांगर नाही, खत नाही. आपण मशीनमध्ये टाकायच्या आधी दाणा भाजत होतो, तेल जास्त निघते म्हणून. तुझ्यासाठी नाही भाजला. मशीन हळू चालवली अन् मधेमधे थांबवून लोखंडाले हात लावून पाह्यला, तापलं तं थंड होऊ दिलं. तेल अर्धंच निघालं. निघू दे.

काळ्या बाटलीत भरलं आहे, उजेड लागू देऊ नको. एक महिन्याचंच पाठवतो. जुनं झालं की कडू येते, मग खाऊ नको. एस.टी.चा कंडक्टर ओमेश ओळखीचा आहे, त्याच्या हाती बाटली दिली. दर महिन्याले देत जाईन.

डॉक्टरीनबाईनं माझं पत्र ऐकलं, त्यांना माझा नमस्कार सांग. त्यांनी जे सांगतलं ते मी दोन-तीनदा वाचलं. पटते, अन् नाहीही पटत. पंचवीस वर्षं मी तूप खाल्लं नाही, हे तुले माहीत नसेल.

बकाराम


फुलचूर
१८ ऑगस्ट २०२३

बाबा,

चांगली बातमी आहे म्हणून लगेच लिहिते. लघवीतली प्रथिनं खूप कमी झाली. रक्तातली चरबी उतरली. सूज नाही. गोळ्यांनी तोंड चंद्रासारखं गोल झालं होतं, तेही आता माझ्यासारखं दिसायला लागलं आहे. केस पुन्हा येऊन राहिले आहेत. मी सेतू केंद्रावर कामाला परत जाते, दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज भरते. उन्हात जायचं नाही म्हणून भूपेंद्र राईस मिलमध्ये जाताना मला सोडतो अन् येताना घेतो.

मॅडम रिपोर्ट पाहून म्हणाल्या, औषध लागू पडलं. मी म्हटलं, अन् माझ्या बाबांचं तेल. त्या हसल्या.

मी रोज दुपारी वरणभातावर एक चमचा घेते. सासूबाई पण घेतात. बाटली उघडली की मला आपल्या मशीनच्या खोलीचा वास येतो.

नूतन


केशोरी
२० डिसेंबर २०२३

नूतनबाई,

तुझं पत्र मी भैयाजी गुरुजींले वाचून दाखवलं. मले राहवलं नाही. त्यांनी आणखी दोघांले सांगतलं. आता कोणाचे गुडघे, कोणाची शुगर, सारे जवसाचं तेल मागायले येतात. मी म्हणतो, हे माझ्या पोरीसाठी आहे. तरी देतो थोडं थोडं.

एक सांगतो. तुझी माय जगली असती तं आज बावन्न-त्रेपन्नची असती. तेव्हा मले कोणी हे तेल सांगतलं असतं तं घरात पिंप भरून होतं. मी ते बाजारात विकून गाईचं तूप आणत होतो. हे मनात आलं की काम सुचत नाही.

आता तू बरी झाली. तेलानं गुण आला. मग एवढ्या गोळ्या कायले खातेस? त्या गोळ्यांनी केस गेले, तोंड सुजलं, तूच लिहिलं होतं. हळूहळू कमी कर. मी दोन चमच्यांऐवजी तीन चमच्यांचं तेल पाठवतो.

बकाराम


फुलचूर
५ जानेवारी २०२४

बाबा,

असं पुन्हा लिहू नका अन् गावात कोणाला सांगूही नका. मला गुण गोळ्यांनी आला आहे. तेल चांगलं आहे, पण ते गोळ्यांच्या जागी चालत नाही. गोळ्या सोडल्या तर आजार परत येतो अन् पहिल्यापेक्षा जोरानं येतो, हे मला पक्कं माहीत आहे. मॅडमनी कागदावर लिहून दिलं आहे. मागच्या पत्रात तेलाचं कौतुक मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून जरा जास्तच केलं, ती माझी चूक.

कोणी गुडघ्यासाठी तेल मागितलं तर द्या, पण त्यांची औषधं बंद करायला सांगू नका.

मी बरी आहे. दुसरं एक मनात आहे, पण ते पत्रात नको.

नूतन


केशोरी
२८ मे २०२४

नूतनबाई,

पाच महिने झाले, तुझं अक्षर नाही. तेल घेतलं जाते असं ओमेश सांगते, म्हणजे तू आहेस एवढं समजते. माझ्या त्या पत्राचा राग आला असेल. तू जे लिहिलं ते मी मानलं. गुरुजींलेही जाऊन सांगतलं की पोरगी गोळ्यांनी बरी झाली, तेलानं नाही. ते म्हणाले, बरं झालं सांगतलं.

कैलाशच्या मोबाईलवर तुझा आवाज लावला होता तुझ्या वहिनीनं. मले नुसतं घूं ऐकू आलं. तू हसत होती असं ती म्हणे. खरं का?

चार ओळी लिह.

बकाराम


गोंदिया
१९ ऑगस्ट २०२४

बकारामजी,

सासरे म्हणून मामाजी लिहिणार होतो, पण हात होत नाही.

नूतन दवाखान्यात आहे. तिला दिवस गेले होते. साडेपाच महिने झाले होते. ११ तारखेला बीपी एकदम वाढलं, फिट आली, आणि मूल गेलं. तिला वाचवलं, पण दोन्ही किडन्या बसल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डॉक्टर म्हणतात, किडन्या पुन्हा चालू होतील ही आशा ठेवू नका.

तुम्हाला तिनं कधी सांगितलं नसेल, आजार पहिल्या दिवसापासून भारी होता. नागपूरच्या मॅडमनी गोळ्यांवर तो आटोक्यात आणला होता. त्या गोळ्या चालू असताना मूल होऊ द्यायचं नव्हतं. थोडं थांबून गोळ्या बदलून मग, असं ठरलं होतं. जूनमध्ये दिवस गेल्याचं सांगताना नूतन म्हणाली की मॅडमनी आधीच गोळ्या बदलल्या होत्या आणि परवानगी दिली होती. मी विश्वास ठेवला. घरात पेढे वाटले. आता कळलं, ती फेब्रुवारीपासून कोणतीच गोळी घेत नव्हती, नागपूरलाही गेली नव्हती. डॉक्टरनं माझ्यासमोर विचारलं, का बंद केल्या? ती म्हणाली, "बाबांनी लिहिलं होतं, तेलानं निभतं, गोळ्या कमी कर."

तुम्ही आधी बायकोला तूप खाऊ घालून घालवलं. आता पोरीला तेल. तुमची मशीन तुम्हाला लखलाभ. बाटली पाठवू नका. तुम्हीही येऊ नका.

भूपेंद्र


केशोरी
२६ ऑगस्ट २०२४

जावईबापू,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. तुम्ही येऊ नका लिहिलं होतं, तरी मी शनिवारी पहिल्या गाडीनं आलो. तुम्ही जिन्यावर हात आडवा केला. काय बोलले ते मले ऐकू आलं नाही, पण समजलं. मी परत आलो. तुमच्यावर राग नाही.

तुम्ही लिहिलं ते खरं आहे. मी तिले लिहिलं होतं, एवढ्या गोळ्या कायले खातेस. माझ्या हातानं लिहिलं आहे. मी अडाणी माणूस, मले वाटलं आपल्या तेलानं पोरगी उभी राहिली. दोष माझा आहे. तिले काही बोलू नका. तिचं मूल गेलं आहे.

माझी एक किडनी घ्या. मी सदुसष्ट वर्षांचा आहे, पण काम करतो. दोन्ही घेतल्या तरी चालेल.

मशीन भंगारवाल्याले देऊन टाकली.

बकाराम


फुलचूर
१४ ऑक्टोबर २०२४

बाबा,

तुम्ही दवाखान्यात आला होतात हे मला काल कळलं. सासूबाईंनी सांगितलं. तुम्ही भूपेंद्रला लिहिलेलं पत्रही त्यांनीच कपाटातून काढून दाखवलं. ते वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुम्ही मला गोळ्या बंद करायला लावल्या नाहीत. मी खोटं बोलले.

खरं काय झालं ते सांगते. डिसेंबरमध्ये मॅडम म्हणाल्या होत्या, आणखी काही महिने आजार शांत राहू द्या, मग मी गोळ्या बदलते, बदललेल्या गोळ्यांवर सहा महिने पाहू, आणि मग मूल. मी बोटांवर हिशेब केला. एकतीस वर्षांची होऊन राहिले होते, म्हणजे तेहतीसची होईन. त्या "हो" म्हणाल्या होत्या, बाबा. फक्त थांबा म्हणाल्या होत्या. सेतू केंद्रावर मी दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांचे जन्माचे दाखले भरते. सासूबाईंनी कधी टोमणा मारला नाही, भूपेंद्रनंही नाही. माझं मलाच राहवलं नाही.

मी फेब्रुवारीत गोळ्या बंद केल्या. भूपेंद्रसमोर डब्यातून काढायची अन् तो वळला की मोरीत टाकायची. एक महिना काही झालं नाही. दुसरा महिना काही झालं नाही. मला वाटलं, आजार गेला असेल, मॅडम उगाच भीती दाखवतात. तुम्हाला पत्र लिहिलं नाही कारण तुम्हाला खोटं लिहिता आलं नसतं.

जुलैत पाय सुजायला लागले. मला समजलं होतं. तरी मी गप्प राहिले. नागपूरला गेले तर त्या मूल ठेवू देणार नाहीत, अशी भीती होती. आणखी दोन महिने निघाले तर ते वाचेल, असं वाटत होतं.

मग दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं. भूपेंद्र खाटेच्या बाजूला उभा होता, माझा हात त्याच्या हातात होता. मी त्याच्याकडे पाहिलं अन् माझ्या तोंडून तुमचं नाव निघालं. मला वाटलं, हा हात सुटेल.

तेलाचा काही दोष नाही, मी डॉक्टरला नंतर विचारलं. मासा-तेल-जवस काहीही खाल्लं असतं तरी गोळ्यांशिवाय हेच झालं असतं. तुमची किडनी घेत नाहीत. तुमचं बीपी आहे, वय आहे, अन् माझा आजारही आधी पूर्ण शांत व्हावा लागतो.

तुम्ही मशीन विकून टाकली.



नूतन


केशोरी
२४ ऑक्टोबर २०२४

नूतनबाई,

मले माहीत होतं.

तुझं जानेवारीचं पत्र माझ्या पेटीत आहे. गोळ्या सोडल्या तं आजार परत येतो, हे मला पक्कं माहीत आहे, असं तुझ्या अक्षरात आहे. भूपेंद्रचं पत्र वाचलं अन् मी ते पत्र काढून पाह्यलं. शनिवारी गोंदियाले आलो तेव्हा ते माझ्या खिशात होतं. तुले दाखवून विचारणार होतो, असं काऊन केलं? जिन्यावर त्यानं हात आडवा केला तेव्हा माझा हात खिशात गेला होता. पण त्याचे डोळे पाह्यले. दहा दिवसांत माणूस अर्धा झाला होता. मी तसाच उतरलो.

ते पत्र त्याले दिलं असतं तं मी सुटलो असतो. मग तू काय केलं असतं? तुले आठवड्यातून तीनदा मशीनवर कोण नेणार? तुझा बाप नेणार आहे का केशोरीवरून? तो माणूस तुझ्याजवळ पाहिजे. त्याले राग ठेवायले एक जागा पाहिजे होती, ती मी झालो. म्हाताऱ्या सासऱ्याशी बोलणं बंद झालं तं त्यात कोणाचं काही अडत नाही.

अन् मी काही साव नाही. ते वाक्य मी लिहिलंच होतं. तू शहाणी म्हणून मले दटावलं. दुसरी असती तं तिनं ऐकलं असतं.

तू हे भूपेंद्रले सांगू नको. आहे तसं राहू दे. पंचवीस वर्षं एक दोष घेऊन राहिलो, सवय आहे. अन् तो तं खरा निघाला नाही, असं तुझ्या डॉक्टरीनबाईनंच सांगतलं. तसाच हा दुसरा.

तू जेव. सांगतलेलं सारं पाळ. गोळी खाताना आरशासमोर उभी राहून खा.

बकाराम


फुलचूर
१२ नोव्हेंबर २०२४

बाबा,

मी सांगितलं.

तुमचं पत्र आलं त्यानंतर चार वेळा डायलिसिस झालं. चारही वेळा तोंडाशी आलं अन् गिळलं. पाचव्या वेळी सांगितलं. मशीन लागली की चार तास मला हलता येत नाही, म्हणून तिथंच. घरी असते तर बोलता बोलता उठून स्वयंपाकघरात गेले असते.

भूपेंद्रनं सगळं ऐकून घेतलं. मग उठून बाहेर गेला. मला वाटलं, आता घ्यायला सासूबाई येतील. मशीन काढायच्या वेळेला तोच आला. घरी आल्यावर एवढंच विचारलं, "मामाजींनी मला का नाही सांगितलं?" मी तुमचं पत्र त्याच्या हातात दिलं. ते घेऊन तो गच्चीवर गेला. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्यापुढे पाण्याचा ग्लास अन् गोळ्या आणून ठेवल्या, अन् मी गिळेपर्यंत तिथंच उभा राहिला. रोज उभा राहतो. माया आहे की पहारा आहे, मला अजून समजत नाही. दोन्ही असेल.

तुमचं ऐकलं नाही म्हणून रागावू नका. तुमच्या नावावर मला आणखी एक दिवस काढता येत नव्हता.

नूतन


केशोरी
२ डिसेंबर २०२४

नूतनबाई,

काल भूपेंद्र आला होता. मोटारसायकलवर, एकटाच. धान कापून झाला आहे, मी खळ्यावर होतो. तो समोर येऊन उभा राहिला अन् पाय धरायले वाकला. मी धरू दिले नाही. मग तो बोलला. बराच वेळ बोलला. खळ्यावर थ्रेशर चालू होता. मले त्याच्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. मी त्याले पुन्हा सांग म्हटलं नाही. एकदा बोलायलेच त्याले किती जड गेलं, ते दिसून राहिलं होतं.

घरी आणून जेवू घातलं. तुझ्या वहिनीनं वांग्याची भाजी केली होती. तो थोडंच जेवला. मग मी त्याले पाटीपेन्सिल दिली, कैलाशच्या पोरीची. म्हटलं, एक विचारतो, लिहून सांग. सारे किडनीचं बोलले, गोळ्यांचं बोलले, तेलाचं बोलले. मीही तेच लिहीत राहिलो. जे गेलं त्याचं कोणी काही बोललंच नाही. मुलगा होता का मुलगी?

त्यानं "मुलगी" लिहिलं. अन् पाटी माझ्या हातात दिली.

चार वाजता निघाला. मी रस्त्यापर्यंत गेलो.

नूतनबाई, तू तिले पाह्यलं होतं का? पाह्यलं असेल अन् लिहिता येत असेल तं मले लिह, ती कशी होती. मी तिचा आजा आहे. नसेल जमत तं राहू दे.

बकाराम


फुलचूर
११ डिसेंबर २०२४

बाबा,

पाहिलं होतं.

मी शुद्धीवर आले तेव्हा एका नर्सबाईनं विचारलं, पाहायचं आहे का. बाकीचे नको म्हणत होते. तिनं हिरव्या कपड्यात गुंडाळून आणलं अन् माझ्या हातावर ठेवलं. तुमच्या ओंजळीत मावली असती, एवढी होती. रंग लालसर. डोळे मिटलेले. कातडी इतकी पातळ की मला बोट लावायची भीती वाटली. नखं होती, बाबा. तांदळाच्या कणीपेक्षा लहान, पण होती. कपाळ रुंद होतं. आईच्या फोटोत आहे तसं. भूपेंद्र म्हणतो, एवढ्या लहानपणी असं काही दिसत नाही. पण मी पाहिलं आहे.

नर्सबाई पाच मिनिटं थांबली अन् घेऊन गेली. त्यानंतर कालपर्यंत मी हे कोणाजवळ बोलले नाही. तुम्ही विचारलं म्हणून लिहून राहिले. लिहिताना दोनदा थांबले.

मुलगीच होईल असं धरून तिचं नाव मी चौथ्या महिन्यातच ठेवलं होतं, मनातल्या मनात. तिच्या नावाचा कागद कुठंच नाही. दुसऱ्यांचे दाखले भरताना बाळाच्या नावाचा रकाना आला की माझा हात थांबतो.

रेणू.

भूपेंद्रला काल सांगितलं. आज तुम्हाला. तुम्ही मला लिहाल तेव्हा पत्रात ते नाव लिहा. माझ्या अक्षरात मी ते पुष्कळदा लिहून पाहिलं अन् फाडलं. एकदा दुसऱ्या कोणाच्या अक्षरात पाहायचं आहे.

नूतन